दाराचा कान कोणी बनवला

बेसा, नागपूर
७ सप्टेंबर २०२४

भावना,

आधी 'चि. भावना' लिहिलं होतं. मग खोडलं. तुझ्या सध्याच्या मूडमध्ये तुला ते झोंबेल.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर एकच टिक येते, म्हणजे तू मला ब्लॉक केलंस. बरं बाई! मग मी पोस्टात पत्र टाकून राहिले, तुझ्या आईबाबांच्या पत्त्यावर. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "मॅडम, राखी पाठवून राहिल्या का?" म्हटलं, राखी होऊन तीन आठवडे झाले. सत्तावन्न वर्षांची मी, आणि लिफाफ्याला किती तिकिटं लागतात तेही मला माहीत नव्हतं.

मला राग आला आहे, ते आधी सांगून टाकते. पाच वर्षं तू माझ्या वर्गात होतीस. कुहीच्या शाळेत दिवसभर विज्ञान शिकवायचं, आणि शाळा सुटली की साडेचार ते सहा हा इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग, बिनपगारी. बोर्ड, वायरी, सेन्सर सगळं माझ्या स्कूटीच्या डिकीत. हेडमास्तर म्हणायचे, देशकर मॅडम, पोरांच्या हातात करंट कशाला देता? त्यांची बोलणी कोणी खाल्ली? मी. आणि आता तू सगळ्या गावाला सांगत फिरतेस की मॅडमनं घात केला. घात!

तुझी शिष्यवृत्ती बंगळुरूच्या त्या कॉलेजनं काढून घेतली, मी नाही. तू अर्जात 'दाराचा कान' दाखवलास. बाबांना ऐकू येत नाही म्हणून केलेलं यंत्र, दार वाजलं की मनगटावरची पट्टी थरथरते ते. कॉलेजवाल्यांनी इंटरनेटवर शोधलं. त्यांना आमच्या खुल्या फाइली, कोणीही बघून बनवावं म्हणून टाकलेल्या, सापडल्या आणि त्यात तुझं नाव नव्हतं. मग त्यांनी मला ईमेल करून विचारलं, हे भावना रामटेके हिनं बनवलं का? मी कळवलं की हे आमच्या वर्गात बनलं, वर्गाचं आहे, आम्ही कोणा एकाचं नाव लावत नाही. त्यावरून त्यांनी ठरवलं की तू दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलंस. आता सांग, माझ्या उत्तरातला कोणता शब्द खोटा आहे?

राग निवला की उत्तर दे. शिष्यवृत्ती परत मिळवायची तर दोघींनी मिळून काहीतरी करावं लागेल आणि त्यांची प्रवेशाची यादी ऑक्टोबरअखेर बंद होते.

तुझी,
सुमती मॅडम


बेसा
२२ सप्टेंबर २०२४

भावना,

उत्तर नाही. येईल असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी विचार केला की नाव न लावण्यामागचं कारण तुला कोणी नीट सांगितलंच नसेल. मी तरी कुठे सांगितलं होतं! वर्ग सुरू झाला तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, पोरं आडनावं ऐकून बाकं निवडून राहिली. कोण कोणाशेजारी बसायचं, सोल्डरिंगची बंदूक आधी कोणाच्या हातात जायची, सगळं आडनावावरून. मला असा संताप आला! त्या दिवसापासून मी हजेरीत आडनावं घेणं बंद केलं. मग कामावर नावंच बंद केली. जे बनेल ते वर्गाचं. खुल्या हार्डवेअरवाल्यांचंही म्हणणं तेच ना, की बनवा आणि वाटून टाका. कोणी केरळात बनवेल, कोणी पेरूत बनवेल. मला ते फार उदात्त वाटलं होतं. माझ्या घराण्यात चार पिढ्या कचेरीत कारकुनी करण्यात गेल्या, असं काही आमच्या घरात कोणी केलं नव्हतं.

तू पहिल्या दिवशी आलीस ते आठवून राहिलं आहे. मी नव्या पोरांना आधी एक एलईडी मुद्दाम जाळायला लावते. रेझिस्टर न लावता बॅटरीला जोडायचा, फट्कन जातो, म्हणजे मनातली भीती जाते. सगळ्यांनी जाळले. तू हातात धरून बसलीस आणि म्हणालीस, "मॅडम, चांगला आहे तं काहून जाळायचा?" आणि सरळ खिशात टाकलास. मी हसले होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही पोरगी सांगितलेलं मुकाट्यानं करणाऱ्यातली नाही.

दाराचा कानही तसाच. मी म्हणत होते, माइक लाव, दार वाजल्याचा आवाज पकडेल. तू आठवडाभर लावून पाहिलास. कुत्रं भुंकलं की पट्टी थरथरायची, ट्रॅक्टर गेला की थरथरायची, तुझे बाबा दहादा उठून दार उघडायचे आणि बाहेर कोणीच नाही. मग तू वाढदिवसाच्या वाजणाऱ्या कार्डातली ती पितळी चकती काढून आणलीस आणि दाराच्या लाकडालाच चिकटवलीस. "आवाज नाही ऐकायचा मॅडम, दाराले धक्का बसला का, तेवढंच ऐकायचं." मी म्हटलं, चालायचं नाही. चाललं.

हे सगळं मी स्वतःच लिहून राहिले आणि वाचताना माझ्या लक्षात येऊन राहिलं की यात वर्ग कुठेच नाही. पण एक तत्त्व असतं, भावना. ते सोयीप्रमाणे बदलता येत नाही.

सुमती मॅडम


बेसा
१९ ऑक्टोबर २०२४

भावना,

काल तुमच्या घरी गेले होते. तू नव्हतीस, की असून आत होतीस, मला माहीत नाही.

वीस मिनिटं दार वाजवलं. खिडकीतून तुझे बाबा दिसत होते, खाटेवर बसून शेंगा फोडत होते, माझ्याकडे पाठ. मी दार बडवून राहिले, हाक मारून राहिले, ते आपले शेंगा फोडण्यात. शेवटी तुझी आई वावरातून आली आणि दार लोटलं. दाराला चकती तशीच चिकटलेली होती. मी विचारलं, पट्टी बिघडली का? सरिताबाई म्हणाल्या, "बिघडली नाही जी. चालू आहे. पोरीनं काढून ठेवाले सांगितली."

तुझे बाबा तुझ्यासारखेच, चिडत नाहीत, म्हणून जास्त लागतं. गिरणीत तीस वर्षं धान भरडून कान गेले तरी माणसाचा आवाज खणखणीत. चहा दिला. मी माझं तत्त्व त्यांना समजावून सांगितलं, सरिताबाई त्यांच्या कानाशी ओरडून सांगत होत्या. आडनाव आलं की जात येते, म्हणून नाव नाही, वगैरे. स्वतःचं तत्त्व दुसऱ्या बाईच्या तोंडून ओरडून ऐकलं की कसं वाटतं, ते मला काल कळलं.

सगळं ऐकून तुझे बाबा म्हणाले, "मॅडम, एक विचारू का जी? राग नका मानू."

"विचारा ना."

"आमचं आडनाव लिहिलं का जात येते म्हणता. बरं. मंग त्या इंटरनेटवरच्या कागदावर तुमचं काहून ठेवलं?"

मी म्हटलं, ते संपर्कासाठी आहे, कोणाला शंका आली तर विचारायला कोणीतरी लागतं.

"अच्छा," ते म्हणाले. "पोरीले नसतं का विचारता आलं?"

चहा तसाच ठेवून उठले. स्कूटी चालवताना सारखी मनात भांडत होते त्यांच्याशी, की तुम्हाला यातलं काय कळतं, मी त्या काळात काय काय सोसलं. उमरेड रोडला लागेपर्यंत भांडले. घरी येऊन फाइल उघडली. वर्गाचं नाव बारीक अक्षरात खाली. वर ठळक अक्षरात: 'संपर्क व निर्मिती: सुमती देशकर.'

'व निर्मिती' हे मी कधी लिहिलं, मला खरंच आठवत नव्हतं. उन्मेषला विचारलं, म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, इथेच बेस्यात राहतो, इंटरनेटवरच्या आमच्या पानाचं सगळं तोच बघतो. तो म्हणाला, मावशी, इथे प्रत्येक बदलाची तारीख राहते. बघून सांगितलं: ११ जून २०२४, बदल करणारी तूच, मावशी.

सुमती


बेसा
१७ नोव्हेंबर २०२४

भावना,

११ जूनचं सांगते. हे लिहायला मला महिना लागला.

जूनच्या शेवटी कोचीला खुल्या हार्डवेअरवाल्यांचं संमेलन होतं. मला बोलावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा विमानाचं तिकीट कोणीतरी पाठवलं. ओळख छापायला माहिती मागितली तेव्हा मी 'दाराच्या कानाची निर्माती' असं लिहून पाठवलं, आणि त्यात व फाइलमध्ये फरक दिसू नये म्हणून ते दोन शब्द घातले. तेव्हा मनाशी म्हटलं, वर्गाची निर्मिती, आणि वर्ग माझा. इतकं सोपं होतं ते.

आणि १४ जूनला कॉलेजचा ईमेल आला.

मी पहिलं उत्तर लगेच लिहिलं होतं. 'होय, हे भावनाचंच काम आहे. माझी कल्पना चुकीची होती, तिची बरोबर ठरली. अशी विद्यार्थिनी मी तीस वर्षांत पाहिली नाही.' ते अजून माझ्या ड्राफ्टमध्ये पडून आहे. पाठवायच्या आधी मला कोचीच्या कार्यक्रमाचा कागद आठवला. हे गेलं आणि तिथल्या कोणाला कळलं तर? हे सगळं जग लहान आहे, एकमेकांना ओळखतात. चार दिवस मूग गिळून बसले. मग तत्त्वाचं ते दुसरं उत्तर पाठवलं. तू बनवत होतीस तेव्हा वर्गातली बाकीची अकरा जणं कागदाच्या चौकात ट्रॅफिक सिग्नल लावून राहिली होती. एकानंही तुझ्या कामाला हात लावला नव्हता. 'वर्गाचं आहे' हे धडधडीत खोटं होतं, आणि ते मी लिहिताना मला माहीत होतं.

कोचीला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला फार छान वाटलं. तेही सांगते, आता कशाला लपवू.

तुझ्या घरून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी कॉलेजला सगळं कळवलं. सही केली, शाळेचा शिक्का मारला, माझी चूक असं स्पष्ट लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. जागा आणि शिष्यवृत्ती प्रतीक्षायादीतल्या विद्यार्थ्याला दिली आहे. आपली दोन पत्रं एकमेकांशी जुळत नसल्यामुळे नोंदीत बदल करता येत नाही. म्हणजे पुढच्या वर्षी अर्ज केलास तरी ती नोंद तशीच पुढे येणार. मी फोन केला. तिथल्या बाई नम्रपणे म्हणाल्या, मॅडम, यातलं कोणतं पत्र खरं मानायचं ते तुम्हीच आम्हाला सांगा.

फाइलमध्ये मी तुझं नाव लावलं. 'निर्मिती: भावना रुपराव रामटेके', सगळ्यात वर, ठळक. मग उन्मेषला म्हटलं, आता बाकी ठिकाणीही बदल. तो म्हणाला, "मावशी, तीनशेच्या वर लोकांनी प्रती घेतल्या आहेत. ब्राझीलच्या मूकबधिर शाळेनं भाषांतर करून छापलं आहे. त्या सगळ्यांत तुझं नाव आहे. खुलं केलेलं परत कसं घेणार? खुलं म्हणजे हेच ना!" मी वर्गात हेच वाक्य किती तोऱ्यात सांगायची.

ज्यांचे पत्ते मिळाले त्या सगळ्यांना लिहून राहिले. आतापर्यंत नऊ जणांनी बदललं.

सुमती


बेसा
१२ जानेवारी २०२५

भावना,

आज जरा बरं सांगण्यासारखं आहे.

तुझं नाव लागल्यापासून त्या पानावर चर्चा पेटली आहे. एक जण म्हणतो, इतक्या वर्षांनी अचानक नाव कसं आलं? दुसरा म्हणतो, शाळकरी मुलीला ही चकतीची युक्ती सुचणं शक्य नाही, बाईंनी दयेपोटी नाव दिलं असणार. तिसऱ्यानं कुठून तरी कॉलेजचं प्रकरण शोधून काढलं आणि 'हीच ती का?' असं लिहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एकेकाला उत्तर दिलं. शाळेतून आले की जेवण बाजूला आणि हेच. उन्मेष म्हणतो, मावशी, सोड, हे लोक तसेच. सोडते! डोंबल!

मग मला तुझी वही सापडली. नववीतली, माझ्याकडेच राहिली होती. 'साहित्य: वाजणाऱ्या कार्डाची चकती, जुन्या मोबाइलची थरथरणारी मोटर.' खाली दाराचं चित्र, बाजूला तारीख, आणि पहिल्या पानावर तुझं पूर्ण नाव, गाव, तालुका, तुकडी. मी सगळ्या पानांचे फोटो काढून त्या चर्चेत टाकले. म्हटलं, घ्या पुरावा! दोन दिवसांत तोंडं बंद झाली. बंद म्हणजे, बरीचशी. काही अजून बोलून राहिले आहेत, पण त्यांचं काय.

आता कोणीही तुझं नाव शोधलं तर सगळ्यात आधी दाराचा कानच येतो. मी शोधून पाहिलं. फार दिवसांनी रात्रीची झोप लागली मला.

एक ओळ तरी पाठव.

सुमती


बेसा
९ मार्च २०२५

भावना,

तुझं उत्तर आलं. मला नाही, पानावर आलं.

उन्मेषचा फोन आला, मावशी, तक्रारीच्या कोपऱ्यात काहीतरी आलं आहे, तूच बघ. तिथे कोणीही लिहू शकतं, काही बिघडलेलं दिसलं की. मी वर्गात तुम्हाला शिकवलं होतं की तक्रार तीन ओळींत लिहायची, रडगाणं गायचं नाही. तू तीनच ओळी लिहिल्या आहेस.

'काय झालं: माझं नाव पहिल्यांदा मला न विचारता गाळलं. दुसऱ्यांदा मला न विचारता लावलं. माझं गाव आणि वही मला न विचारता टाकली.
काय व्हायला हवं होतं: विचारायला हवं होतं.
काय करावं: नाव आणि वही काढा.'

मी सरिताबाईंना फोन केला. त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. मौद्याला एका दवाखान्यात तुला कॉम्प्युटरवर काम मिळालं होतं. तिथल्या कोणीतरी तुझं नाव इंटरनेटवर शोधलं. आधी वही निघाली, मग खालची चर्चा, चोरी, कॉलेज, दया, सगळं. "काही म्हटलं नाही जी तिले कोणी," सरिताबाई म्हणाल्या, "पण मंग रोज हसून राहिले. शास्त्रज्ञबाई म्हणत. तं तिनं सोडलं." मी ज्या दिवशी निवांत झोपले त्याच आठवड्यात हे सुरू झालं असणार.

सहा महिने मी तुला पत्रं लिहून राहिले. आता सगळ्या प्रती काढून वाचल्या, मी मागे प्रती ठेवते, सवय आहे. राग आहे, तत्त्व आहे, कबुली आहे, फुशारकी आहे. तुला काय पाहिजे, हे एकाही पत्रात विचारलेलं नाही. एक ओळ पाठव म्हणाले, तेही माझ्यासाठीच.

मला तुझ्याशी वाद घालायचा होता. आजही घालायचा आहे. नाव काढू नकोस गं, ते तुझं आहे, हक्काचं आहे, म्हणून ओरडावंसं वाटून राहिलं. उन्मेष म्हणाला, वाद घालायला जागाच नाही, खुल्या लायसनमध्ये अटच आहे, करणाऱ्यानं सांगितलं तर त्याचं नाव काढावंच लागतं. तू ती अट वाचली असणार. वर्गात एकटी तूच पूर्ण वाचायचीस.

आज दुपारी बसले. वहीचे फोटो पानावरून काढून टाकले. मग वरची ओळ निवडली आणि पुसली. भावना रुपराव रामटेके. पुसायला काहीच वेळ लागत नाही. खाली माझं नाव होतं, संपर्क म्हणून. तेही पुसायला गेले तर उन्मेष म्हणाला, ते राहू दे मावशी, एक नाव लागतंच, नाही तर पान चालत नाही. म्हणजे आता जगात ज्या कोणाला दाराचा कान बनवायचा असेल, त्याला फक्त मी दिसणार. लोक अजून आभाराचे ईमेल पाठवतात. गेल्या आठवड्यात कोण्या एका आईचा आला. मी उघडला नाही.

काम झालं की तक्रारीवर 'सुटली' अशी खूण करावी लागते, आणि ती ज्यानं दुरुस्त केलं त्यानंच करायची असते. मी केली. मला माफ कर असं लिहिणार होते, पण तो पुन्हा माझाच सोयीचा मुद्दा झाला असता.

सुमती देशकर

ता. क. हे पत्र पाठवायच्या आधी विचारावं म्हणून सरिताबाईंना पुन्हा फोन केला. म्हटलं, भावनाला विचाराल का, एक पत्र पाठवू का म्हणून? "थांबा जी, इथंच आहे, विचारतो," त्या म्हणाल्या. मागे भांड्यांचा आवाज येत होता, मग थांबला. तू काहीतरी बोललीस. मला शब्द ओळखू आला नाही, आवाज आला. पुष्कळ दिवसांनी ऐकला.

"नको म्हणते जी," सरिताबाई म्हणाल्या.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. हे पत्रही आता प्रतींच्या गठ्ठ्यातच.